होनर स्पेशल २०: उद्यमनगरातल्या एका टर्नरचा वर्षभराचा अनुभव

आधी किंमत सांगतो, कारण आमच्या उद्यमनगरात कुठलीही वस्तू हातात घेतली की पहिला प्रश्न तोच येतो. घरात सांगितलेली किंमत बाराशे रुपये. खरी किंमत साडेतीन हजारांच्या थोडी वर. तळहातात मावणारा, दहा भोकांचा माउथ ऑर्गन. एवढ्या पैशात घासाघीस करून लेथवर जॉब पकडणारा सेकंडहँड थ्री-जॉ चक येतो आणि तो वीस वर्षं कमावून देतो. ह्या वस्तूनं वर्षभरात मला एक रुपया मिळवून दिलेला नाही, उलट वरच्या मजल्यावरचे दोघं बोलायचे बंद झालेत. तरी पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझी दोन लेथची शेड आहे. बुश, पिना, शाफ्ट, येईल ते जॉबवर्क. वय ५१. वडील भजनात टाळ धरायचे, आमच्या घराचा संगीताशी संबंध तेवढाच. गेल्या वर्षी सिगारेट सोडली आणि तोंडाला नि उजव्या हाताला काय काम द्यावं ते कळेना. बडीशेप झाली, लवंग झाली, दिवसाला शंभर ग्रॅम फुटाणे झाले. तेव्हा पुण्याला शिकणाऱ्या लेकीनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलेलं, "पप्पा, हे बघा, हा माणूस माउथ ऑर्गन फुंकत नाही, ओढतोय."

तो सनी टेरी होता. १९११ साली जन्मलेला, १९८६ ला गेलेला, पोरवयातल्या अपघातांत डोळे गमावलेला अमेरिकेतला काळा वादक. वाजवायचा ब्लूज, म्हणजे तिथल्या काळ्या लोकांचं दुखरं संगीत. दोन्ही पंजांत माउथ ऑर्गन लपवून तो एक सूर ओढायचा, तो सूर वाकायचा, आणि वाकता वाकता मध्येच तोंडातून 'हूऽऽ' अशी आरोळी निघायची. आरोळी कुठं संपली आणि बाजा कुठं सुरू झाला ते कळायचं नाही. मी तो व्हिडिओ शेडमध्ये अकरा वेळा बघितला. बाराव्यांदा आमचा कामगार म्हणाला, "मालक, जॉब गरम झालाय."

लगेच बाजारात गेलो. इथं पहिली चूक झाली, ती तुम्ही करू नका म्हणून सांगतो. दुकानदाराला म्हटलं माउथ ऑर्गन पाहिजे. त्यानं चोवीस भोकांचा, लांबलचक, चकचकीत बाजा काढून दिला आणि म्हणाला, "ह्यात सगळं वाजतंय की." सिनेमाची गाणी वाजतात, खरं आहे. त्याला ट्रेमोलो म्हणतात. एका सुराला दोन रीडा, म्हणजे हवेनं थरथरणाऱ्या पितळी जिभा, एकमेकींपेक्षा किंचित बेसूर लावलेल्या, म्हणून आवाजात लाटा येतात. ऐकायला गोड. पण मला पाहिजे होता तो वाकणारा सूर, आणि तो ह्यातून निघत नाही. मी दोन महिने प्रयत्न केले. गालफडं दुखली, सूर हलला नाही.

का नाही निघत, ते नंतर कळलं. सूर वाकवायला फुंकायची आणि ओढायची अशा दोन रीडा एकाच खोलीत, समोरासमोर असाव्या लागतात. ओढताना तुम्ही तोंडाची आतली पोकळी बदलली की वरच्या सुराची रीड दबते आणि खालच्या सुराची रीड, जिला खरं तर गप्प बसायचं असतं, ती हलायला लागते. दोघींच्या ओढाताणीतून मधला सूर निघतो. ट्रेमोलोत प्रत्येक रीडेला वेगळी खोली. सासू-सुना एका घरातच नाहीत, मग भांडण कसलं होणार?

म्हणजे पाहिजे दहा भोकांचा डायटोनिक, एकाच स्वरावर बांधलेला. दुसऱ्यांदा ऑनलाइन मागवला, साडेचारशेचा. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण त्या किमतीत त्यांनी तरी काय काय द्यायचं. पण आल्या दिवशी जीव गेला. फुंकलं तर अर्धी हवा बाजूनं गालावर येत होती. रविवारी दुपारी शेड उघडली, सगळे स्क्रू काढले आणि मधला कोंब सरफेस प्लेटवर ठेवला. कोंब म्हणजे दोन पितळी पट्ट्यांच्या मधली ती दातेरी चौकट. तिच्याखालून फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायचं, पान सहज आरपार गेलं. पार केळं झालं होतं. एमरी पेपर सरफेस प्लेटवर पसरून कोंब आठाच्या आकड्यात घासला, रीडांच्या कडेची बर काढली, पुन्हा जोडला. गळती निम्म्यावर आली. मला फार अभिमान वाटला. नंतर कळलं की परदेशात माउथ ऑर्गन दुरुस्त करणारे लोक नेमकं हेच करतात. टर्नर इथून तिथून सारखेच.

तरी दोन नंबरचं भोक ओढलं की आवाज मेल्यासारखा. गुदमरलेला, घोगरा, कधी येतो कधी नाही. मी ठरवलं, रीड खराब आहे. विक्रेत्याला तीन मेसेज केले. तोंडाला लावायची वस्तू परत घेत नाही, असं उत्तर आलं, ते योग्यच होतं. आठवडाभर कुढलो आणि मग घरी न सांगता होनर स्पेशल २० मागवला. सी स्वराचा, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी एक. पेटीच्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या तिथून पुढं वेगवेगळ्या मोजतात.

खोका उघडला, तोंडाला लावला, दोन नंबरचं भोक ओढलं.

तोच आवाज. तसाच गुदमरलेला.

साडेतीन हजार घालून मला कळलं की दोष माझ्या तोंडात आहे. नवशिका माणूस ओढताना जबडा आवळतो, जीभ वर घेतो, आणि दोन नंबरचा सूर नकळत अर्धवट वाकतो. जगभरात नवशिके ह्याच भोकावर अडतात आणि बाजा खराब आहे म्हणून ओरडतात. जांभई देताना घसा उघडतो तसा उघडला, पोटातून हळू श्वास ओढला आणि सूर आला, भरदार, म्हशीच्या हंबरण्यासारखा.

माझ्या मते ह्या वस्तूची खरी किंमत इथंच वसूल होते. आवाज गोड आहे, मोठा आहे, ते आहेच. पण मुख्य गोष्ट अशी की मशीनवरचा संशय जातो. लेथच्या स्पिंडलमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर पोराला टर्निंग शिकवता येत नाही. जॉब टेपर, म्हणजे निमुळता, आला तर चूक पोराची की मशीनची, कोण सांगणार? पोरगं वर्षभर मशीनला शिव्या देतं आणि शिकत काहीच नाही. स्वस्तातल्या बाजावर मी नेमकं तेच केलं. हा हातात आल्यावर बहाणा संपला. त्याचा थोडा त्रासही झाला.

आता बांधणी. मी उघडून बघितलाय, न बघता राहवणार नव्हतं. वीस रीडा, दहा फुंकायच्या, दहा ओढायच्या, पितळी पट्टीवर बसवलेल्या. कोंब प्लॅस्टिकचा. प्लॅस्टिक म्हटल्यावर आपल्याकडे नाक मुरडतात, पण इथं ते फायद्याचं आहे. ह्याच कंपनीचा मरीन बँड नावाचा जुना बाजा १८९६ पासून निघतो, त्याचा कोंब लाकडी, आणि जुन्या पद्धतीचा तो खिळ्यांनी ठोकलेला. जुने ब्लूजवाले त्याच्यावरच वाढले. पण लाकूड ओलाव्यानं फुगतं, आणि कोल्हापूरचा जुलै कसा असतो ते मी सांगायला नको. आमच्याकडे पावसाळ्यात दाराची फळी लागत नाही, तिथं एवढासा कोंब काय टिकणार. प्लॅस्टिक फुगत नाही. शिवाय ह्यात पितळी पट्ट्या कोंबात आत बसवलेल्या आहेत, कडा ओठाला लागत नाहीत. मिशी असलेल्यांना ह्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. आणि स्क्रू! खिळे मारलेली वस्तू दुरुस्तीला नाहीच म्हणत असते. स्क्रूवाली म्हणते, या, बसा.

रीडेच्या टोकाशी पट्टीपासून किती फट असावी हा सगळा खेळ आहे. ढोबळ नियम असा की फट रीडेच्या टोकाच्या जाडीएवढी. जास्त असली तर हवा खाते, कमी असली तर जोरानं ओढल्यावर रीड अडकते. माझ्यात दोन-तीन ठिकाणी मी फट माझ्या ओढण्याप्रमाणं थोडी जुळवून घेतली, लाकडी टूथपिकनं, अगदी हलक्या हातानं. हे तुम्ही करावं असं सांगत नाही. मला मायक्रोनशी खेळायची सवय आहे आणि तरी हात थरथरला.

आता ब्लूजसाठी हाच का, आणि ह्यात काय वाजतं. इथं थोडं रेंगाळतो, कारण मला हे कुणी मराठीत सांगितलं नव्हतं.

सीचा माउथ ऑर्गन घेतला की वाटतं सा रे ग म सरळ वाजेल. मधल्या सप्तकात वाजतो. मंद्रात मात्र म आणि ध नाहीतच. पहिल्या तीन भोकांत फुंकलं तर सा ग प, ओढलं तर रे प नी. बस्स. मला वाटलं पुन्हा फसलो. पण जर्मनांनी हे मुद्दाम केलंय. फुंकलं की कुठंही पांढरी एकचे सा ग प एकत्र वाजावेत आणि खालच्या भोकांत ओढलं की पांढरी पाचचे वाजावेत, म्हणजे घरगुती लोकगीतांना साथ करता यावी, म्हणून दोन स्वर बळी दिले. होनर कंपनी जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावात १८५७ साली सुरू झाली आणि तिचे स्वस्त, खिशात मावणारे बाजे अमेरिकेत ढिगानं गेले. तिथल्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या हातात ते पडले तेव्हा त्यांनी काय केलं? बाजाच फिरवून टाकला. पांढरी एकचा बाजा घ्यायचा आणि सा धरायचा पांढरी पाचचा. म्हणजे घर झालं ओढण्यात. फुंकणं नुसतं येण्याजाण्यापुरतं. ह्याला क्रॉस हार्प म्हणतात. आणि जे स्वर नव्हते ते वाकवून काढले. चार नंबर ओढून वाकवला की तीव्र मध्यम, तीन नंबर थोडा वाकवला की कोमल गंधार, पाच नंबर नुसता ओढला की कोमल निषाद. जर्मनीतल्या घरातल्या साथीसाठी केलेली वस्तू अशी रडायला लागली.

किती वाकेल त्याचंही गणित आहे आणि ते मला फार आवडलं. एका भोकातल्या फुंकीच्या आणि ओढीच्या सुरांत जेवढं अंतर, त्याच्या मधले सूर तेवढे तुमचे. तीन नंबरच्या भोकात अंतर सगळ्यात मोठं, म्हणून तिथं तीन सूर दडलेत. दोन नंबरला दोन. एक, चार आणि सहाला एकेक. पाच नंबरला मधे जागाच नाही, तिथं जोर लावू नका, रीड बिघडेल. पितळ हे पितळच असतं, सारखं वाकवलं की थकतं, आणि रीड थकली की सूर उतरत जातो. हे कुठल्याही कंपनीच्या पितळी रीडेला लागू आहे. उपाय एकच, हळू ओढा.

मला पहिला सूर वाकवायला सात आठवडे लागले. फोनवरच्या व्हिडिओंत शिकवणारे चांगले आहेत, इंग्रजीचीही फार अडचण येत नाही, पण सगळी करामत तोंडाच्या आत चालते आणि तिथं कॅमेरा जात नाही. कुणी म्हणतं जीभ मागं घ्या, कुणी म्हणतं जबडा सोडा. माझं काम शेवटी एका साध्या गोष्टीनं झालं. श्वास आत घेता घेता मनात 'ई' म्हणायचं आणि तोंड हळूहळू 'ऊ'कडे न्यायचं. ओठ हलवायचे नाहीत, फक्त जीभ. चार नंबरवर सुरुवात करा, तो सगळ्यात समजूतदार. शेडमध्ये दुपारी जेवण झाल्यावर हे करत बसलो होतो आणि अचानक सूर घसरला, किंचाळत खाली गेला. कामगार मागच्या बाजूनं पळत आला, "मालक, दोन नंबरच्या लेथचं बेअरिंग गेलं!" इतकी मनापासून दाद मला पुन्हा मिळालेली नाही.

आणखी एक अडचण कुणी आधी सांगत नाही. बासरीवाल्याला, सनईवाल्याला दम कमी पडतो. इथं उलटं. सगळं वाजवणं ओढण्यात असल्यामुळं छाती हवेनं भरत जाते आणि मग आत घ्यायला जागाच उरत नाही. पहिले दोन महिने मी बारा सेकंदांत फुग्यासारखा व्हायचो. वाजवता वाजवता नाकावाटे हवा सोडायची, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. सिगारेट ओढणाऱ्याला ते लवकर जमतं असं मला वाटतं, पण ही शिफारस समजू नका.

ताल मला शेजारच्या शेडनं शिकवला. ब्लूजचा नेहमीचा साचा बारा घरांचा. प्रत्येक घर चार मात्रांचं. पहिली चार घरं सा, मग दोन म, दोन सा, एक प, एक म, आणि शेवटची दोन पुन्हा सा, त्यातही शेवटच्या घरात पकडून परत आणण्यापुरता प. झालं. शंभर वर्षं लोक ह्या बारा घरांत फिरतायत. पण चाल सरळ नाही. मात्रेचा पहिला तुकडा लांब, दुसरा आखूड, लंगडत चालल्यासारखी. ही लंगड मला येईना. आमच्या भिंतीपलीकडं एक जुनं शेपर, म्हणजे लोखंड रंधायचं, मशीन आहे. शेपर माहीत असलेल्यांना लगेच कळेल. त्याचा रॅम कापत पुढं जाताना सावकाश जातो आणि मागं येताना झटकन येतो. घर्रऽऽ-घट, घर्रऽऽ-घट. एका दुपारी मी चक्क त्याच्याबरोबर वाजवायला लागलो आणि चाल बसली. पलीकडच्या मालकाला अजून माहीत नाही की तो माझा तबलजी आहे.

दुसरा धडा आगगाडीचा. एक ते चार भोकं तोंडात धरून ओढ-ओढ-फुंक-फुंक, हळू सुरू करायचं आणि वेग वाढवत न्यायचा. जुने ब्लूजवाले गाडीची हुबेहूब नक्कल करायचे, सनी टेरी तर त्यात वस्ताद. आता आमची पंचाईत बघा. कोल्हापूर शेवटचं स्टेशन. इथं गाडी एकतर सुटते नाहीतर येऊन थांबते. धडाधड निघून जाणारी गाडी आमच्या गावात बघायलाच मिळत नाही, त्यासाठी रुकडीकडं जावं लागतं. म्हणून माझी गाडी अजून सुटते चांगली, पण वेगात गेली की डबे घसरतात.

सरावाची जागा हा घरोघरचा प्रश्न. घरात पहिल्या पंधरा दिवसांतच हुकूम सुटला, "अहो, ते जे काय आहे ते घेऊन रंकाळ्यावर जा." गेलो. सकाळी साडेपाचला रंकाळ्यावर फिरणाऱ्यांत सगळ्या प्रकारची माणसं भेटतात आणि प्रत्येकाची फर्माईश एकच, 'शोले'. सिनेमा १९७५ चा, पण लोक अजून त्या ओसरीवर बसलेत. तो बाजा अमिताभच्या ओठाला होता, वाजवला होता भानू गुप्तांनी, हे मी सांगून बघतो. उपयोग होत नाही. एक आजोबा रोज थांबतात, ऐकतात, आणि म्हणतात, "चांगलं आहे, पण गाणं कधी सुरू होणार?"

लिटल वॉल्टर ह्या ब्लूजवाल्याचं 'ज्यूक' मी त्यांना फोनवर ऐकवलं. १९५२ साली निघालं, गाणारा कुणी नाही, नुसता माउथ ऑर्गन, आणि अमेरिकेतल्या रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं आलं. वॉल्टर माइक हातातच बाजाबरोबर कोंडून धरायचा आणि अँप्लिफायरमधून आवाज फाडून काढायचा. आजोबांनी पूर्ण ऐकलं. म्हणाले, "हा सॅक्सोफोन आहे. फसवू नका."

निगा ठेवण्याबद्दल एकच सांगतो, अनुभवाचं आहे आणि चूक पूर्ण माझी. मिसळ खाऊन वाजवू नका. तोंड धुतलं तरी नाही. फरसाणाचा एक कण, शेवेचा दीड मिलिमीटर तुकडा असेल, सात नंबरच्या रीडेखाली जाऊन बसला आणि तो सूर बंद. उघडून ब्रशनं काढला तेव्हा पट्टीवर कटाचा लाल तवंग दिसला. त्यानंतर अर्धा तास आधी काही खात नाही, खळखळून चूळ भरतो, वाजवून झालं की तळहातावर आपटून थुंकी झटकतो आणि लगेच डबीत बंद न करता वाळू देतो. एवढं पुरतं.

आता उणं काय ते. एक बाजा एकाच स्वरावर बांधलेला असतो. गाणं काळी चारमध्ये असेल तर तुमचा पांढरी एकचा बाजा खिशात ठेवून टाळ्या वाजवायच्या. बारा स्वरांना बारा बाजे, आणि प्रत्येकाची किंमत हीच. मी गुणाकार केला आणि कागद फाडून टाकला. सुरुवातीला मात्र सी पुरतो, बहुतेक धडे त्याच्यावरच असतात. दुसरं, कोल्हापुरात हा शिकवणारा मला मिळाला नाही. पेटी, तबला, गाणं शिकवणारे गल्लीगल्लीत आहेत. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, गाण्याची संस्था देवल क्लब १८८३ पासून आहे, त्या गावात हे साहजिकच. पण वाकडा सूर मुद्दाम वाकडा कसा लावायचा हे विचारायला मी कुणाकडं जाणार? लेकीनं मध्ये एक गंमत सांगितली. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यावर खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर आहेत आणि ब्लाइंड विली जॉन्सनचा ब्लूजही आहे. म्हणजे ते दोघं तिकडं वर एकाच तबकडीवर, आणि मी इथं रंकाळ्यावर एकटा.

शेवटी गेलो गंगावेशीकडच्या एका पेटीवाल्या काकांकडं. ते पेट्या दुरुस्त करतात. साडेचारशेच्या त्या बाजाच्या दोन रीडा उतरल्या होत्या, त्या सुरात आणून देता का विचारायचं होतं. पेटीची रीड आणि माउथ ऑर्गनची रीड सख्ख्या बहिणी, पितळी जीभ आणि हवा, दुसरं काही नाही. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पट्टी उजेडात धरली, रीडेच्या टोकाजवळ हलकेच खरवडलं. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. दहा मिनिटांत दोन्ही सुरात. पैसे घेतले नाहीत, म्हणाले, "एवढ्याशा रीडेचे काय पैसे घ्यायचे?"

मग म्हणाले, "ह्यात मींड, एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणं, येत नाही की. आमच्या पेटीत पण नाही. तेवढ्यासाठी रेडिओनं पेटीला १९४० पासून १९७१ पर्यंत बाहेर ठेवली होती." हे त्यांनी काल घडल्यासारखं सांगितलं. थोर पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या गावातला पेटीवाला, ते दुखणारच.

मी खिशातून स्पेशल २० काढला. तीन नंबर ओढला आणि वाकवला. मला तो अजून नीट जमत नाही, तीन सुरांतला पाहिजे तो नेमका मिळत नाही, पण त्या दिवशी तो मध्येच कुठंतरी जाऊन लागला आणि मी तिथंच धरून ठेवला. काकांनी समोरची पेटी ओढली, भाता मारला आणि शोधायला लागले. पांढरी पाचचा सा धरला होता, म्हणून कोमल गंधारासाठी काळी पाच दाबली. खाली पडली. शुद्धासाठी पांढरी सात दाबली. वर गेली. पुन्हा काळी पाच. मग दोन्ही पट्ट्या एकदम दाबून बघितल्या, तोंड वाकडं केलं आणि भाता सोडून दिला.

"मधला आहे," म्हणाले. "परत लाव."

परत लावला. ह्या वेळी दुसरीकडंच गेला. काकांनी हात पुढं केला, बाजा घेतला, उलटापालटा करून स्क्रू बघितले, भोकांतून आत बघितलं.

"केवढ्याला पडला?"

मी बाराशे सांगितले.